तयारीत बसलेली माती

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूरच्या स्थानकात शिरली. तिच्या दहा टाक्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होतं, कृष्णेचं, तीनशेहून जास्त किलोमीटरवरून आणलेलं. २०१४ चा पावसाळा कमी पडला होता, २०१५ चा त्याहून कमी. त्या दुसऱ्या वर्षी मराठवाड्यात सरासरीपेक्षा चाळीस टक्के कमी पाऊस झाला. लातूरला पाणी देणाऱ्या मांजरा धरणात उपसण्याजोगं पाणी उरलं नव्हतं, आणि शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली होती. पुढे या ‘जलदूत’ गाडीला पन्नास टाक्या लागल्या आणि एका फेरीत २५ लाख लिटर पाणी येऊ लागलं. अशा शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या.

त्या गाडीचा आकडा मनात धरून पावसाचं गणित मांडून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एकरात चार हजारांहून थोडे जास्त चौरस मीटर भरतात, म्हणजे एकरावर २५ मिलिमीटर पाऊस झाला की लाखभर लिटर पाणी उतरलं. दहा हजार लिटरचे दहा टँकर, एका एकरात! पंचवीस एकरांच्या रानावर एवढाच पाऊस झाला तर पन्नास टाक्यांची अख्खी गाडी रिकामी झाली. लातूर जिल्ह्याचं क्षेत्र सुमारे सात हजार चौरस किलोमीटर आहे. जिल्हाभर एका संध्याकाळी २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ७० हजार गाड्यांचं पाणी झालं. त्यासाठी ना इंजिन लागलं, ना पंप, ना डिझेल. त्याच २०१६ चा पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं. गाडीनं महिनोन्‌महिने जे लोटलं, ते आभाळानं काही दिवसांत उरकलं.

एवढं पाणी उचललं कुणी? उन्हानं. समुद्राच्या पाण्याची वाफ होताना ती उष्णता सोबत घेऊन निघते आणि ढगात तिचं पुन्हा पाणी झालं की ती उष्णता मोकळी होते. एका एकरावर पडलेल्या लाख लिटर पाण्यामागे ढगात सुमारे ७० हजार युनिट विजेइतकी ऊर्जा सुटलेली असते. महिन्याला शंभर युनिट जाळणारं घर तेवढ्यावर ५८ वर्षं चालेल. हीच उष्णता ढगाला आतून वर रेटत राहते, म्हणून मे महिन्यात दुपारी तीनला क्षितिजावर दिसलेला बोटभर ढग पाच वाजेपर्यंत दहा-बारा किलोमीटर उंच होऊन डोक्यावर येतो. वळवाचा ढग स्वतःच्याच पाण्याच्या ऊर्जेवर वाढतो, हे कळल्यापासून मला त्याच्याकडे नुसतं ‘आभाळ आलंय’ म्हणून बघता येत नाही.

मोसमी पावसाची वाट याहून लांबची. मादागास्करच्या पूर्वेला, मस्करीन बेटांच्या आसपास हवेचा दाब वाढतो, तिथून वारे निघतात, विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळ वेग घेतात आणि अरबी समुद्रावरून बाष्प गोळा करत सह्याद्रीला येऊन भिडतात. डोंगर चढताना हवा थंडावते आणि हातचं बरंचसं पाणी घाटमाथ्यावरच ओतते. उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते, कोरडी होते. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, माणदेशात, दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास येतो. मराठवाडा त्याही पलीकडे. त्यामुळे त्याला अरबी समुद्राइतकीच बंगालच्या उपसागराचीही वाट बघावी लागते. तिथले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकत आले की लातूर, बीड, धाराशिव भिजतात. ते नाही आले तर जून-जुलैत ढग डोक्यावरून जातात आणि बरसत नाहीत.

का बरसत नाहीत? ढगातला थेंब आणि पावसाचा थेंब यांत फार अंतर आहे. ढगातल्या थेंबाची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा भाग, आणि तो सेकंदाला सेंटीमीटरभर खाली येतो. एवढ्याशा थेंबाला वर येणारी हवा सहज तोलून धरते. असे दहा लाख थेंब एक झाले की दोन मिलिमीटरचा पावसाचा एक टपोरा थेंब तयार होतो. तो पडायला लागतो तेव्हा ढगाखाली त्याला कोरडी, तापलेली हवा भेटते आणि ती त्याला वाटेतच पिऊन टाकते. दुष्काळी भागात ढगाच्या पोटाखाली करड्या रेघा लोंबताना दिसतात आणि जमिनीपर्यंत पोचत नाहीत, तो खरोखरचा पाऊस असतो, वर पडलेला आणि मध्येच संपलेला. मात्र ते थेंब वाया जात नाहीत. आटताना ते हवा थंड करतात, ओली करतात. त्यांच्या मागून येणाऱ्या थेंबांची वाट त्यामुळे सोपी होते. जमिनीवर पडलेल्या पहिल्या टिपसाच्या आधी असे असंख्य थेंब खर्ची पडलेले असतात.

जो पोचतो तोही चित्रातल्यासारखा नसतो. पावसाचा थेंब आपण वर टोक आणि खाली गोल असा काढतो. खरा मोठा थेंब उपड्या वाटीसारखा असतो, खालून सपाट आणि वरून फुगीर, कारण खालची हवा त्याला दाबत असते. हवेचा हा अडसर नसता तर तीन किलोमीटरवरून सुटलेला थेंब ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगानं येऊन आदळला असता. हवा त्याला ताशी पंचवीस-तीस किलोमीटरवर आणून ठेवते. म्हणून पाऊस अंगावर घेता येतो.

आता आभाळ सोडून खाली यायला हवं, कारण या सगळ्यात खरं नवल आहे ते मातीचं. दुष्काळातली जमीन बघितली की माणूस म्हणतो, मेली. गवताची काडी नाही, भेगा पडलेल्या, पायाखाली ढेकळं, वरून फुफाटा. पण ती मेलेली नसते. ती आवरून बसलेली असते, आणि पहिल्या तासाभराच्या पावसात जे काही घडतं त्यातलं बरंचसं पावसानं आणलेलं नसतं. ते तिथंच तयार असतं.

सुरुवात वासापासून होते. अजून अंगावर थेंब नाही, तोच थंड वारा सुटतो, पाचोळा उडतो, आणि मातीचा वास येतो. घरातलं कुणीतरी वृद्ध माणूस ओसरीवरून म्हणतं, “कुठंतरी पडतोय बघ.” ते अगदी बरोबर असतं. पावसानं थंड झालेली जड हवा ढगातून खाली कोसळते, जमिनीवर आपटून चहूकडे पसरते आणि जिथं आधीच पाऊस सुरू झालाय तिथला वास पुढे घेऊन येते.

या वासाचा माग पहिल्यांदा नीट काढला तो ऑस्ट्रेलियात. इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोन रसायनशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिलं. कोरड्या दिवसांत झाडाझुडपांतून सुटणारी तेलं माती आणि दगड शोषून घेतात, साठवत जातात, आणि ओल लागली की ती मोकळी होतात, असं त्यांना आढळलं. म्हणूनच ताण जितका लांबतो तितका पहिल्या पावसाचा वास दाट होतो. मला यात विशेष आवडतं ते हे, की त्यांना आपल्या देशातल्या एका जुन्या धंद्याची माहिती होती. उत्तर प्रदेशात कनौजला भाजलेल्या मातीचा अर्क काढून अत्तर करतात, आणि त्या शोधनिबंधात त्याचा उल्लेख आहे. प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी अत्तरवाल्यांनी हा वास कुपीत भरला होता.

वासाचा दुसरा भाग जिवंत आहे. जमिनीत स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जिवाणू राहतात. यांच्याच एका जातीपासून १९४३ मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, ज्यानं क्षयाच्या रोग्यांना पहिल्यांदा औषधाची खरी आशा दिली. त्याच विद्यापीठात नॅन्सी गर्बर आणि ह्युबर्ट लेशेव्हालिए यांनी १९६५ मध्ये या कुळातल्या जिवाणूंपासून मातीच्या वासाचं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव जिओस्मिन. बीट कापताना जो मातकट वास येतो तोही याचाच. माणसाचं नाक या द्रव्याला विलक्षण तिखट आहे. पाण्याच्या लाख कोटी थेंबांत त्याचे पाच-दहा थेंब मिसळले तरी पुष्कळांना ते जाणवतं. लाख कोटी थेंब म्हणजे साधारण पाच कोटी लिटर, म्हणजे पन्नास टाक्यांच्या वीस गाड्या. वीस गाड्यांच्या पाण्यात पाच-दहा थेंब, आणि माणूस ओसरीवर बसून सांगतो, ‘मातीचा वास येतोय’!

जिवाणूला हा वास कशासाठी हवा? त्याचं एक उत्तर २०२० मध्ये पुढे आलं. मातीत मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे उड्या मारणारे जीव असतात. त्यांना जिओस्मिनचा वास ओढून आणतो, ते जिवाणूंवर ताव मारतात आणि अंगाला चिकटलेले, पोटात गेलेले बीजाणू दुसरीकडे नेऊन टाकतात. कोरडं पडून अन्न संपलं की हे जिवाणू बीजाणू धरतात, आणि त्याच सुमारास हा वासही तयार करतात. आपल्याला पावसाची वर्दी वाटणारा वास हा खरं तर मातीतल्या एका निरोपाचा आहे, आपल्या नाकाशी त्याचा काही संबंध नसलेल्या.

हा वास मातीतून हवेत कसा येतो, तेही बघण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत २०१५ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्यानं मातीवर पडणारे थेंब टिपले गेले. थेंब पडतो, चपटा होतो, आणि मातीच्या छिद्रांतली हवा त्याच्या खाली अडकते. तिचे बुडबुडे होतात, थेंबातून वर सरकतात आणि पृष्ठभागावर फुटतात. फुटताना डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात, आणि मातीत जे असेल ते त्यांच्याबरोबर हवेत जातं. जोराच्या सरीपेक्षा हलक्या आणि मध्यम पावसात हे जास्त घडतं. भुरभुर पडून गेल्यावर वास कसा दरवळतो आणि मुसळधार पडायला लागल्यावर तो कुठं जातो, याचं कारण हे.

कॅमेरा नसला तरी याचा भाऊबंद घरी बघता येतो. उन्हात खडखडीत वाळलेलं काळ्या मातीचं ढेकूळ आणा, ताटलीत ठेवा आणि बाजूनं हळूच पाणी सोडा. कान जवळ न्या. बारीक सीं-सीं आवाज येतो. ढेकळाच्या अंगावर बुडबुडे उठतात, कडेचे पापुद्रे सुटायला लागतात आणि थोड्याच वेळात कुदळीनं न फुटणारं ढेकूळ ताटलीत पसरून चुरा होतं. चहूबाजूंनी आत घुसणाऱ्या पाण्यानं ढेकळातली हवा कोंडली, दाबली, आणि ती आतून फोडून बाहेर आली. ओलसर ठेवलेलं ढेकूळ असं फुटत नाही. त्याला आधी पूर्ण कोरडं व्हावं लागतं. मे महिन्यात नांगरून रान तापत ठेवतात, मोठमोठी ढेकळं तशीच पडू देतात, आणि पहिल्या चांगल्या पावसात ती आपोआप विरतात, ते याच्या जोरावर. नांगर अर्धं काम करतो, उरलेलं ऊन आणि पाऊस करतात.

काळी माती ही चीजच वेगळी आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले, त्यांचा झाला बेसाल्ट, आणि बेसाल्ट झिजून झाली ही माती. तिच्यात स्मेक्टाइट नावाची चिकणमाती भरपूर. तिचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांच्या चवडी असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मधोमध शिरतं आणि ते एकमेकांपासून लांब ढकलले जातात. म्हणून काळं रान भिजलं की फुगतं, वाळलं की आकसतं. आकसल्यावर भेगा पडतात, इतक्या की हात आत जावा, काठी सोडली तर मीटरभर खाली उतरावी. उन्हाळ्यात गुरांचा पाय अडकतो म्हणून गुराख्याला रान टाळून जावं लागतं.

दुष्काळाच्या बातमीसोबत हटकून छापला जातो तो याच भेगांचा फोटो. आणि तरी मला वाटतं, काळ्या रानानं पावसासाठी जी काही तयारी करून ठेवलेली असते, तिच्यात भेगेइतकी मोठी तयारी दुसरी नाही. पहिला दांडगा पाऊस आला की पाणी वरच्या कठीण पापुद्र्यावरून वाहून जात नाही. ते भेगांतून थेट खाली उतरतं, कधीकधी मीटरभर खोल, जिथं वरून झिरपत पोचायला त्याला कितीतरी दिवस लागले असते. सोबत वरची भुसभुशीत माती, काडीकचरा, शेणखताचे कण आत पडतात. खालची माती फुगायला लागते आणि तिच्यात दाब तयार होतो. अशानं वर्षानुवर्षं वरची माती खाली आणि खालची वर होत राहते, रान स्वतःलाच उलटंपालटं करतं. आणि पाऊस तसाच चालू राहिला तर माती फुगून भेगा मिटतात, दारं लागतात. त्यानंतर मात्र काळी जमीन पाणी फार हळू घेते. मग पाणी साचतं, बांधाला लागतं, ओढ्याला जातं. ‘पहिल्या पावसाचा ओढ्याला थेंब नाही आणि तिसऱ्याला पूर’ असं गावात दिसतं, ते यामुळेच.

आत मातीत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही, पण मोजता येतं. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये दाखवलं, की कोरडी माती भिजली की ती काही तासांत जोरानं श्वास सोडायला लागते. तिच्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोट निघतो आणि त्याचबरोबर नत्र मोकळं होतं. माती जितका काळ कोरडी राहिली असेल तितका हा उसासा मोठा. याचं कारण असं, की कोरड्या दिवसांत जिवाणू अंगातलं पाणी टिकवायला पेशीत विरघळणारी द्रव्यं साठवून बसतात. अचानक पाणी आलं की बाहेरचं पाणी आत धावतं, काही जिवाणू फुटतात, काही ती साठवण घाईनं बाहेर टाकतात, आणि ती इतरांचं जेवण होते. दुष्काळात न सडलेला पालापाचोळाही त्यांना आयता सापडतो. ताणानंतरच्या पहिल्या पावसावर गवत इतकं हिरवंगार, जवळजवळ काळपट हिरवं का येतं, त्यातला मोठा वाटा या नत्राचा आहे. खताचं पोतं कुणी फोडलेलं नसतं.

बियांची सावधगिरी तर थक्क करते. एक सर आली म्हणून सगळं बी उगवलं आणि पुढे पावसानं महिनाभर ओढ दिली, तर त्या वनस्पतीचा वंशच बुडेल. म्हणून बी पाऊस मोजतं. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञानं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी रोपांवर काम करताना पाहिलं, की दहा-पंधरा मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस झाला तर बरंच बी हलतच नाही. माती खालून भिजवली तरी ते उगवत नाही, वरून पाऊस पडायलाच हवा. बियांच्या अंगावर उगवण रोखणारी द्रव्यं असतात, आणि ती धुऊन जायला पुरेल इतकं पाणी वरून खाली वाहून गेलं तरच बी ठरवतं की हा पाऊस भरवशाचा. आपल्याकडचा तरोटा, म्हणजे कोकणातला टाकळा, वेगळी युक्ती करतो. त्याचं कवच इतकं टणक, की थोड्या बियांत यंदा पाणी शिरतं, थोड्यांत पुढच्या वर्षी, काहींत त्यानंतर. पडिकात, रस्त्याकडेला, पावसानंतर आठवडाभरात जो हिरवा गालिचा अंथरला जातो त्यात कित्येक वर्षांपूर्वीचं बी एकदम वर आलेलं असतं. बाया त्याची कोवळी पानं खुडून भाजी करतात. दुष्काळातून निघालेल्या घरात ताटात पडणारी पहिली हिरवी गोष्ट बहुधा हीच असते.

जनावरांचंही तेच. मृगाच्या पावसात जमिनीवर लालभडक मखमली किडे फिरताना दिसतात, मुलं त्यांना तळहातावर घेतात. मृगाचा किडा म्हणतात त्याला, पण पाय मोजले तर आठ भरतात, म्हणजे तो कोळ्याच्या जवळचा, माइट. तो प्रौढपणी वर्षातले थोडेच दिवस जमिनीवर दिसतो. नेमक्या त्याच दिवसांत पंख फुटलेली वाळवी बाहेर पडते. पावसानंतरच्या संध्याकाळी वारुळातून हजारो वाळव्या उडतात, दिव्याभोवती गोळा होतात, जोड्या जमवतात आणि पंख टाकून पुन्हा जमिनीत शिरायला बघतात. या लाल माइटच्या वाळवंटी भाऊबंदांचा अभ्यास झालाय, आणि त्यांचं मुख्य भक्ष्य हीच पंख गाळलेली वाळवी असल्याचं दिसलंय. दोघंही जमिनीखाली वेगवेगळे वाट बघत असतात, आणि दोघांना बाहेर काढणारा इशारा एकच.

बेडकाचा पिवळा रंग ज्यानं बघितलाय तो विसरत नाही. एरवी मातकट-हिरवा दिसणारा मोठा बेडूक पहिल्या मोठ्या पावसात डबक्यात उतरतो आणि नर पिवळाधमक होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंनी निळे फुगे फुगवून ओरडतो. कालपर्यंत गावात बेडूक होते कुठं, असा प्रश्न पडतो. पायाखाली होते. काही जातींच्या मागच्या पायाच्या तळव्याला फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो, त्यानं ते मागच्या मागे माती खणत खाली जातात आणि कोरडे महिने हालचाल, भूक, श्वास सगळं कमी करून काढतात. बाहेर आल्यावर त्यांना घाई असते, कारण डबकं आटायच्या आत अंड्यांचे बेडूक व्हायला हवेत.

माणसाची घाई मात्र माणसाला आवरावी लागते. पाऊस पडला त्या रात्री पुण्या-मुंबईतून गावाकडे फोन जातात.

“आबा, पडला का तिकडं?”

“पडला की! बांधापातूर पाणी लागलंय.”

“ओल किती गेली?”

“सकाळी टिकाव मारून बघतो. घाई नाही करायची.”

या प्रश्नोत्तरात शेतीचं अर्धं शास्त्र आहे. पाऊस किती मिलिमीटर झाला यापेक्षा ओल किती गेली, हे शेतकऱ्याला महत्त्वाचं. हवामान खातं अडीच मिलिमीटर पाऊस झाला की तो दिवस पावसाचा मानतं. पण अडीच मिलिमीटरनं काळ्या रानाचं वरचं साल तेवढं काळवंडतं. बोटभर ओलीवर पेरलं तर बी फुगतं, कोंब काढतं आणि खाली कोरडं लागलं की करपतं. मग दुबार पेरणी, पुन्हा बियाण्याचा खर्च, पुन्हा उधारी. कृषी विभाग दरवर्षी कानीकपाळी सांगतो, की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. जुनी माणसं तेच दुसऱ्या मापानं सांगतात: वरची ओल खालच्या ओलीला भेटू द्या. दोन्ही ओलींच्या मध्ये कोरड्या मातीचा पट्टा राहिला, तर मूळ तिथं अडतं. काळ्या मातीचा मीटरभर थर पिकाला देण्याजोगं दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाणी धरून ठेवू शकतो. दुष्काळात ती सगळी कोठी रिती झालेली असते, आणि ती भरल्याशिवाय विहिरीचा नंबर लागत नाही. सहा इंचाचा पाऊस होऊन विहीर अजून कोरडीच का, याचं उत्तर तिथं आहे. माती आधी स्वतः पिते, मग खालच्या मुरमाला देते, आणि मुरूम विहिरीला.

ओल गेली तरी लगेच पेरता येत नाही. चिखलात तिफण घातली तर माती दाबली जाऊन तिची घट्ट ढेकळं होतात, आणि उशीर केला तर ओल उडून जाते. या दोहोंमधली जी घडी तिला वापसा म्हणतात. वीतभर खालची मूठभर माती घ्यायची, दाबून लाडू वळायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडून थापला गेला तर अजून चिखल आहे. वळलाच नाही तर ओल गेली. पडून भुगा झाला तर वापसा आला, औत काढा. त्या क्षणी मातीच्या मोठ्या छिद्रांतलं पाणी निचरून तिथं हवा आलेली असते आणि बारीक छिद्रांत पाणी टिकलेलं असतं. बियाला दोन्ही लागतं, श्वासही आणि पाणीही. चाड्यावर मूठ धरणारी बाई हे सगळं कुठल्या उपकरणाशिवाय हातानं ओळखते, आणि सहसा चुकत नाही.

मातीनं धरलेल्या या पाण्याची ताकद बघायची तर थंडीत सोलापूर-मंगळवेढ्याकडे जावं. तिथं रब्बीचा शाळू सप्टेंबर-ऑक्टोबरात, पावसाळा संपता संपता पेरतात, आणि कोरडवाहू रानात पुढे त्याला पाणी देत नाहीत. पावसाची आशाही नसते. मालदांडी या शाळूच्या वाणाची मुळं सरकत्या ओलीच्या मागे मागे खोल जातात. वरून रान वाळत येतं, पुन्हा भेगा पडायला लागतात. आता त्याच भेगा वैरी होतात, त्यांतून ओल उडते आणि मुळं तुटतात. म्हणून शेतकरी कोळपं धरतो, वरची दोन-तीन इंच माती भुसभुशीत करून भेगा बुजवतो. एका कोळपणीला तो अर्ध्या पाण्याच्या पाळीची किंमत देतो, आणि ते खोटं नाही. कोरड्या, सुट्या मातीचा तो थर खालचं पाणी वर येण्याची वाट मोडतो. जानेवारीत हुरड्याला माणसं जमतात, आगटीत कणसं भाजून तळहातावर चोळतात, तेव्हा त्या रानावर बहुतेक वर्षी दोन-तीन महिने पाऊस झालेला नसतो. दाण्यातलं दूध परतीच्या पावसाचं असतं.